महामार्गावरील स्मृतिचिन्हे

मुलांनो, राळेगाव तालुक्यातील वडकी या गावावरून जाणारा महामार्ग काश्मीर व कन्याकुमारी ही भारताची दोन टोके जोडतो. पूर्वी त्याचा क्रमांक सात होता. आज तो ४४ आहे. या मार्गाने नागपूरकडे जाताना दोन स्मृतिचिन्हे आवर्जून पाहावीत.

वडकीहून उत्तरेस गेले म्हणजे वर्धा नदी लागते. १८०३ च्या तहानंतर निजामाचा मुलूख व नागपूरकर भोसल्यांचे राज्य यांची ती सीमा झाली. नदीपलीकडे कापसाची जुनी पेठ हिंगणघाट आहे. तेथे विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे.

लॅम्बटन यांनी १८०२ साली आजच्या चेन्नईजवळ भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. आधी जमिनीवर एक रेषा साखळीने काटेकोर मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेशी होणारे कोन मोजायचे. एवढ्यावरून त्या खुणेचे अंतर गणिताने निघते. कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते टेकड्यांवर चढवावे लागे. कृष्णा-गोदावरीच्या अरण्यात तापाने पथकातील अनेक माणसे दगावली. हैदराबादेहून नागपूरकडे येत असता, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले.

त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते कार्य पुढे चालविले. याच मोजणीत जगातील सर्वोच्च शिखराची उंची राधानाथ सिकदार यांनी गणिताने काढली. १८६५ साली त्या शिखरास एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. ते नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. आरंभ करणाऱ्याची कबर मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

पुढे नागपुरास शून्य मैलाचा स्तंभ आहे. त्यावर हैदराबाद, जबलपूर, रायपूर इत्यादी शहरांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. शेजारी घोड्यांच्या चार आकृती उभ्या आहेत. तेथील एक लहानसा दगड १९०७ साली याच मोजणीने उंचीची खूण म्हणून बसविला. लोक घोड्यांपाशी थांबतात. दगडाकडे क्वचितच कोणी पाहतो.

ज्यांनी यंत्रे वाहिली, साखळ्या ओढल्या व निशाणे धरली, त्यांची नावे तर कोणत्याच दगडावर नाहीत. आपण नकाशा उघडतो तेव्हा त्यांच्याच श्रमांचे फळ आपल्यापुढे असते. म्हणून या वाटेने जाल तेव्हा घटकाभर थांबा आणि त्या अनामिकांचेही स्मरण करा.