धडा : 'आम्ही' आणि 'आपण'



'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक आपल्या वर्गात सर्वांनी घोकला आहे. ज्याच्याशी बोलतो त्याला वगळून 'आम्ही', त्याला धरून 'आपण'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे परीक्षेत आमचे गुण नेहमी इथेच जातात. हा फरक आम्हांला खरा कळला तो वर्धा जिल्ह्यात. त्याची ही हकिगत.

गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही नऊ जण न्यू जर्सीहून तिथल्या एका खेड्यातल्या शाळेत दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. बरोबर दोन पालक होते. पहिल्या आठवड्यात आम्ही वर्गांच्या भिंती रंगवल्या आणि भिंतींपुढे उभे राहून भरपूर फोटो काढले. शनिवारी संध्याकाळी पाहतो तर शाळेचे शिपाईकाका एकटेच आमचा रंग खरवडत होते! रंगाचे पोपडे सुटले होते.

"चुन्यावर तेलाचा रंग धरत नाही जी. आधी चुना खरवडा लागते," ते म्हणाले.

"मग काका, आधीच का नाही सांगितलंत?"

"तुमी पाहुणे जी. पाहुण्यायले कसं म्हनाव?"

आम्ही गप्प झालो. आठवडाभरात आम्हीही त्यांना एकदाही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार, सुट्टी. कुणाचे मन फिरायला जाण्यात नव्हते, पण बेत आधीच ठरला होता. एस.टी.ने वर्ध्याला गेलो आणि तिथून तीन ऑटो करून सेवाग्रामला. (विदर्भात 'रिक्षा' म्हणत नाहीत, 'ऑटो' म्हणतात.) वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे ८ किलोमीटर आहे.

या गावाचे जुने नाव सेगाव. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहेच. नावे सारखी असल्यामुळे पत्रांचा घोटाळा होई, म्हणून १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. आश्रमातल्या झोपड्या माती, बांबू आणि कौलांच्या आहेत. कौलांना इकडे 'कवेलू' म्हणतात. बापूकुटी पूर्वी मीराबेन यांची होती. त्या एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या कन्या. त्यांनी भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडे आजही दिसतात. ती पाहताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. एक परकी बाई इथल्या मातीने भिंत सजवते आणि ती टिकते. आमचा डब्यातला रंग आठ दिवसही टिकला नाही.

आश्रमात साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजराही ठेवला आहे. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा, असा इथला नियम होता.

आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते परचुरे कुटीपाशी. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. येरवडा तुरुंगात त्यांची गांधीजींशी ओळख झाली होती. त्यांना कुष्ठरोग होता. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते आणि लोक रोग्याला गावाबाहेर ठेवत. शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमातच जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केले. शास्त्रीबुवा आश्रमातलेच एक झाले.

तिथे आमच्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे हे 'आपण' झालं." सगळ्यांना ते पटले. आम्ही शाळेत गेलो ते 'आम्ही' म्हणून. आम्ही रंगवणार, तुम्ही पाहणार. काका आम्हांला पाहुणे म्हणाले ते काही उगीच नाही.

दुपारी धाम नदीकाठी पवनारला गेलो. विनोबा भावे इथे १९३८ साली राहायला आले. पुढे १९५९ साली त्यांनी इथेच स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. शेती, स्वयंपाक, झाडलोट अशी सगळी कामे आश्रमवासी स्वतःच करतात. परतताना वर्ध्यात गोरसपाक घेतला. गाईच्या तुपाची ही खुसखुशीत बिस्किटे वर्ध्याची खासियत आहे.

सोमवारी सकाळी गोरसपाक काकांच्या हातात दिला आणि म्हटले, "काका, आज आपण भिंत खरवडू या. कशी ते तुम्ही दाखवा."

काका हसले. पत्री कशी धरायची, धूळ ओल्या फडक्याने कशी पुसायची, भिंत किती वाळू द्यायची, हे सगळे त्यांनी शिकवले. चुकलो की ते आता सरळ सांगत, "असं नाही बाप्पा, असं!" पाच वर्गांचा बेत होता, दोनच पूर्ण झाले. पण त्या दोन वर्गांचा रंग अजून धरून आहे, असे शाळेतून कळले. उरलेले तीन काकांनी गावातल्या मुलांना घेऊन पूर्ण केले.

शब्दार्थ
पोपडा – रंगाचा किंवा चुन्याचा सुटलेला पापुद्रा
खरवडणे – घासून वरचा थर काढणे
पत्री – खरवडण्यासाठी वापरतात तो लोखंडी तुकडा
धरणे – (इथे) चिकटून टिकणे
पाहुण्यायले – पाहुण्यांना (वऱ्हाडी बोली)

स्वाध्याय
१. 'आम्ही' की 'आपण' ते लिहा :
(अ) आजी, चल, ____ दोघी बागेत जाऊ.
(आ) बाई, ____ गृहपाठ केला नाही, माफ करा.
(इ) ____ उद्या येणार आहोत, तुम्ही घरी असाल ना?
२. सेगावचे नाव का बदलले?
३. शिपाईकाकांनी आधी चूक का सांगितली नाही? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? पाच ओळी लिहा.
४. आईबाबांना किंवा आजीआजोबांना विचारून त्यांच्या गावाकडचे तीन शब्द लिहून आणा. पुढच्या शनिवारी आपण ते फळ्यावर लिहू.