वजन घटवणारी इंजेक्शने : अभ्यास आणि स्वानुभव

गेल्या वर्षभरात आपल्या मंडळाच्या प्रत्येक बैठकीत, शास्त्रीय चर्चा संपून चहाचे कप हाती आले की एक विषय हमखास निघतो. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या, वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा. रुग्ण विचारतात, नातलग विचारतात आणि हळू आवाजात व्यवसायबंधूही विचारतात. प्रस्तुत लेखक बालरोगतज्ज्ञ असला तरी गेले दहा महिने स्वतः हे औषध घेणारा रुग्णही आहे. म्हणून या औषधांचे शास्त्र, स्वतःला आलेला अनुभव आणि बालरोगतज्ज्ञ या नात्याने वाटणारी चिंता, अशा तीन अंगांनी हा विषय मांडण्याचे योजिले आहे.

औषधाची कुळकथा

जेवण सुरू झाले की आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूतील भुकेच्या केंद्रांना ‘आता पुरे’ असा निरोप पोहोचवते. निसर्गाने या निरोप्याला आयुष्य मात्र फार थोडे दिले आहे. अवघ्या दोनेक मिनिटांत विकरे त्याचा नाश करतात. त्यामुळे मूळ संप्रेरक औषध म्हणून वापरणे व्यवहार्य नव्हते.

वाट सापडली ती एका विषारी सरड्याच्या लाळेत. अमेरिकेतील डॉ. जॉन एंग यांना १९९२ साली ‘गिला मॉन्स्टर’ या वाळवंटी सरड्याच्या विषात जीएलपी-१ शी साम्य असणारा, पण सहज नष्ट न होणारा पदार्थ आढळला. त्यावरून घडलेले एक्झेनाटाइड २००५ साली अमेरिकेत मधुमेहासाठी मान्य झाले. पुढे रोज घ्यावयाचे लिराग्लुटाइड आले, नंतर आठवड्यातून एकदा पुरणारे सेमाग्लुटाइड आले. जीएलपी-१ आणि जीआयपी या दोन्ही संप्रेरकांचे काम करणाऱ्या टिरझेपाटाइडला २०२२ साली मधुमेहासाठी आणि २०२३ साली स्थूलतेसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्या देशात टिरझेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये बाजारात आले. सेमाग्लुटाइडच्या मूळ पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने हा विषय आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरता राहणार नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

परिणामांचे आकडे खरोखरच लक्षणीय आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, १९६१ व्यक्तींच्या अभ्यासात सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घटले. तुलनेसाठीच्या गटात ही घट २.४ टक्के होती. टिरझेपाटाइडच्या २०२२ सालच्या अभ्यासात सर्वोच्च मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के घट दिसली. हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ साली सिद्ध झाले. सारांश, हे केवळ सौंदर्यप्रसाधन नव्हे.

स्वानुभव

मे २०२५ मध्ये माझे वय ५६, उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ९६ किलो होते. म्हणजे देहभारनिर्देशांक ३३ च्या वर. कंबरेचा घेर १११ सेंटिमीटर, एचबीए१सी ६.३, रक्तदाबाची एक गोळी सुरू आणि घोरण्याबद्दल घरून रोजची तक्रार. वडिलांना मधुमेह होता. इंदूरमध्ये जन्म काढलेल्या माणसाला सकाळचे पोहे-जलेबी आणि रात्रीचा सराफा यांचे वर्णन निराळे सांगावे लागत नाही. आहारनियंत्रण आणि चालणे यांनी मी पूर्वी तीनदा आठ-आठ किलो वजन कमी केले होते आणि तिन्ही वेळा ते व्याजासह परत आले होते.

स्वतःची चिठ्ठी स्वतः न लिहिता एका स्नेही फिजिशियनच्या देखरेखीखाली टिरझेपाटाइड सुरू केले. पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५ आणि पुढे ७.५. तेव्हा औषध कुपीत मिळत असे. २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना. कुपी आठवड्याला एक लागते, यावरून महिन्याचा हिशेब वाचकांनी करावा.

पहिला आश्चर्याचा अनुभव वजनकाट्यावर आला नाही, तो मनात आला. बाह्यरुग्ण विभाग दुपारी दोनपर्यंत चालतो. मागच्या टेबलावर कुणीतरी आणून ठेवलेल्या कचोऱ्या असतात. मुलाची छाती तपासतानाही मनाच्या एका कोपऱ्यात त्या कचोऱ्यांची मोजदाद चालू असे. दुसऱ्या आठवड्यानंतर ती मोजदाद थांबली. कचोरी टेबलावर होती, मला ती दिसत होती, पण ती मला हाक मारीत नव्हती. पाश्चात्त्य लेखक ज्याला अन्नाचा गोंगाट म्हणतात, तो आयुष्यात प्रथमच बंद झालेला मी ऐकला. आणि एक गोष्ट उमगली. सडपातळ माणसाला ही शांतता जन्मतःच लाभलेली असते. तो संयमी असतोच असे नाही.

त्रासही झाला. मात्रा वाढवली की दोन-तीन दिवस मळमळ, अंड्यासारख्या वासाचे ढेकर आणि हट्टी बद्धकोष्ठ. जेवण अर्धे केले, तळलेले टाळले, पाणी आठवणीने प्यायलो, इसबगोल घेतले. एवढ्यावर निभावले. दिवाळीच्या फराळात एक अनारसा आणि दोन चकल्या खाऊन पोट भरले, तेव्हा घरातील मंडळींनाच चुकल्यासारखे वाटले. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे परिमाण असते. त्यामुळे या औषधाची पूर्वसूचना स्वयंपाकघरालाही द्यावी लागते.

चौथ्या महिन्यात निराळीच गोष्ट ध्यानी आली. पँट कंबरेत सैल झाली तशी मांड्यांतही झाली होती आणि बैठ्या स्टुलावरून उठताना हाताचा आधार लागू लागला. घटलेल्या वजनाचा साधारण एक चतुर्थांश ते चार दशांश भाग चरबीचा नसून स्नायूंसह इतर पेशीभाराचा असतो, असे अभ्यास सांगतात. भूकच नसल्याने प्रथिने आपोआप कमी पडतात आणि शाकाहारी ताटात ती आधीच बेताची असतात. तेव्हापासून किलोमागे सुमारे १.२ ग्रॅम प्रथिने (दूध, दही, पनीर, मूग, मटकी, चणे, सोयाबीन) आणि आठवड्यातून तीनदा वजने उचलण्याचा व्यायाम हा औषधाचाच भाग मानला. दोन महिन्यांत स्टुलावरून विनाआधार उठता येऊ लागले.

दहा महिन्यांअखेर वजन ८० किलो, घेर ९६ सेंटिमीटर, एचबीए१सी ५.५, रक्तदाबाची गोळी बंद आणि घरात शांत झोप.

औषध थांबवल्यास काय?

याचे उत्तर जानेवारी २०२६ मध्ये अनायासे मिळाले. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञांच्या सल्ल्याने एक डोस आधी आणि दोन नंतर वगळले. तिसऱ्या आठवड्यात गोंगाट परतला. खाणे-पिणे त्याच शिस्तीचे ठेवूनही तो प्रत्येक जेवणानंतर तासाभराने दार ठोठावी. महिन्याभरात दोन किलो वाढले. सेमाग्लुटाइडच्या अभ्यासातही औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर रक्तदाब वाढतो, त्याला आपण रुग्णाचा दुबळेपणा म्हणत नाही. येथेही न्याय तोच लावावा. मात्र औषध सुरू करण्यापूर्वीच रुग्णाशी हे स्पष्ट बोलले पाहिजे : हा दोन महिन्यांचा कोर्स नव्हे, दीर्घकाळचा करार आहे. तो पैशाने आणि मनाने झेपेल काय, हा पहिला प्रश्न.

बालरोगतज्ज्ञाची चिंता

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ग्रामीण भागातील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांशी केली. सरासरी जन्मवजन २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो. आपले मूल हाडामांसाने लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखून असलेले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र दिले. दोघांचा देहभारनिर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. जास्त चरबी अर्थातच आपल्या माणसाची. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ सालच्या तक्त्यांत ५ ते १८ वयोगटासाठी प्रौढांच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या रेषा धोक्याच्या मानल्या आहेत.

आता या औषधांबद्दल पालक माझ्या खोलीत येऊ लागले आहेत. एका महिन्यातील दोन उदाहरणे देतो. सोळा वर्षांचा मुलगा, वजन १०४ किलो, मानेवर काळे जाड पट्टे, फॅटी लिव्हर, वर्गात डुलक्या. दुसरी पंधरा वर्षांची मुलगी, तिचा निर्देशांक २३ च्या रेषेच्याही खाली. पण मावसबहिणीच्या लग्नाआधी ‘थोडी बारीक’ व्हावी, ही आईची इच्छा.

मुलीच्या आईला मी नकार दिला आणि मुलीशी एकटीशी बोललो. ती तीन आठवडे रात्रीचे जेवण टाळत होती. तिला इंजेक्शनाची नव्हे, आरशाशी समेट करून देणाऱ्या समुपदेशकाची गरज होती. मुलाला अंतःस्रावतज्ज्ञाकडे पाठवले आणि वडिलांना म्हणालो, ‘भाऊसाहेब, याला आळशी म्हणणे आजपासून बंद करा. त्याची भूक तुमच्या भुकेपेक्षा मोठ्या आवाजात बोलते.’ १२ ते १८ वयोगटातील २०१ मुलांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेमाग्लुटाइडने निर्देशांक सरासरी १६.१ टक्के घटला आणि त्यानंतर अमेरिकेत त्या वयासाठी मान्यताही मिळाली. तेव्हा गंभीर स्थूलतेत हा मार्ग बंद मानण्याचे कारण नाही. पण वाढत्या हाडांना, स्नायूंना आणि मनाला पुढची चाळीस वर्षे हे औषध कसे मानवेल, हे सांगण्याइतका काळ लोटलेला नाही. म्हणून मुलांत निवड कडक, तज्ज्ञांची देखरेख अखंड आणि आधी संपूर्ण घराच्या ताटात व मैदानात बदल, हाच क्रम असावा.

व्यवहारातील काही सूचना

१. स्वतःला किंवा कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग अथवा एमईएन-२ असल्यास ही औषधे वर्ज्य. पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला असल्यास ती टाळावीत.

२. पोटात तीव्र, पाठीकडे जाणारी कळ आल्यास औषध थांबवून तत्काळ तपासणी करावी. वजन झपाट्याने घटताना पित्ताशयात खडे होऊ शकतात.

३. गर्भधारणेत वर्ज्य. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे. टिरझेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो.

४. शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णास ‘आठवड्याचे एखादे इंजेक्शन घेता काय?’ असे मुद्दाम विचारावे. उपाशी असूनही जठरात अन्न उरलेले असू शकते.

५. काही डोस चुकल्यास डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरुवात करावी. बहुधा खालच्या मात्रेपासून चढावे लागते. मीही तसेच केले.

६. औषध २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावे, गोठू देऊ नये. खरेदी परवानाधारक दुकानातून, पावतीसह. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता, याचे विस्मरण नसावे.

स्थूल माणसाला आपल्या समाजाने विनोदाचा विषय केले आणि दवाखान्याने उपदेशाचा. या औषधांनी वजन किती उतरेल, याचे उत्तर काटा देईल. पण भूक हे चारित्र्य नसून शरीरधर्म आहे, एवढे जरी आपण वैद्यकव्यावसायिकांनी यातून स्वीकारले, तरी इंजेक्शन न घेणाऱ्या, न परवडणाऱ्या रुग्णालाही आपल्या खोलीत अधिक मानाने बसता येईल.