भिंत कुणाची, निवड कुणाची?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात कलादालनावर लेख कशाला, असं कोणीही विचारेल. कारण साधं आहे. दरवर्षी गॅदरिंगच्या आठवड्यात आपल्याकडे चित्रांचे आणि फोटोंचे प्रदर्शन भरते. चित्रे भरपूर येतात, भिंती मात्र चारच. मग काही चित्रे लागतात, काही कपाटावर पडून राहतात. कुठलं का लागलं आणि कुठलं का राहिलं, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. होस्टेलवर मात्र पुढचे आठ दिवस मेसमध्ये तोच विषय.

कॅम्पस इंटरव्ह्यूची पद्धत आपल्याला तोंडपाठ असते. आधी टक्क्यांची चाळणी, मग अ‍ॅप्टिट्यूड, ग्रुप डिस्कशन, शेवटी एचआर. चित्रकारांच्या वाट्याला यातले काय येते, याची मी थोडी माहिती काढली. ती इथे मांडतो.

दालने तीन प्रकारची

पहिला प्रकार भाड्याच्या दालनाचा. भोर किंवा वेल्ह्याहून (म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातून) एसटीने पुण्यात उतरलं की बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन आहे, घोले रोडला राजा रविवर्मा कलादालन आहे. दोन्ही महापालिकेची. अशा ठिकाणी मुख्य प्रश्न तारखेचा आणि भाड्याचा असतो. तारीख मिळाली, पैसे भरले, की चित्रे लावायची आपली आपण. इथे भिंत मिळाली म्हणजे कुणी आपल्या चित्रावर शिक्का मारला, असे समजायचे कारण नाही. आणि तारीख नाही मिळाली म्हणजे चित्र वाईट, असेही नाही.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरीही भाड्यानेच मिळते, पण तिथे आधी चाळणी आहे. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती १९५२ मध्ये उभी राहिली. मुंबईत चित्रकारांना हक्काची जागा हवी, म्हणून चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला होता. अणुशक्तीचा माणूस चित्रांच्या भिंतीसाठी खटपट करतो, हे आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. इथे चित्रकार अर्जासोबत आपल्या कामाचे फोटो आणि आजवरची माहिती देतो, समिती ते बघते, पसंत पडलं तर नाव यादीत जातं. मग वाट बघायची, आणि ती वाट काही महिन्यांची नसते, वर्षांची असते. शेवटी हाती येतो एक आठवडा.

यात एक गंमत आहे. समितीने पाहिलेली चित्रे आणि प्रत्यक्ष भिंतीवर लागणारी चित्रे यांत काही वर्षांचे अंतर पडते. म्हणजे समिती निवडते ते चित्र नव्हे, चित्रकार. हा माणूस आणखी चार वर्षांनी एक अख्खी भिंत भरेल का, याचा तो अंदाज असतो. कंपनीही आपला फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत घेत नाही. हा मुलगा पुढे काय करेल, तेच बघते.

दुसरा प्रकार खासगी गॅलरीचा. याचं चांगलं उदाहरण केकू गांधी यांचं. त्यांचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा, केमोल्ड फ्रेम्स. दुकानात चौकटी लावायच्याच, तर त्यात नव्या चित्रकारांची चित्रे का लावू नयेत, असं करत करत १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी सुरू झाली. खासगी गॅलरी सहसा भाडे घेत नाही. चित्र विकले गेले तर त्यात तिचा हिस्सा असतो, साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. त्यामुळे तिचे प्रश्न वेगळे. हा माणूस सातत्याने काम करतो का? त्याचं काम आपल्याकडच्या बाकी चित्रकारांत बसतं का? घेणारे लोक आहेत का? आज नसतील तर पाच वर्षांनी असतील का? इथे अर्जापेक्षा ओळख चालते. आधीच गॅलरीत असलेल्या चित्रकाराने सांगितलेला शब्द, एखाद्या गटप्रदर्शनात नजरेत भरलेलं एखादं काम, आर्ट स्कूलचं वार्षिक प्रदर्शन. ऐकायला अन्याय वाटेल, पण पैसा गॅलरीचा अडकतो, जोखीमही तिचीच.

तिसरा प्रकार सरकारी संग्रहालयाचा. मुंबईत कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. इथे एखाद्या चित्रकाराचे आयुष्यभराचे काम मांडले जाते. क्युरेटर ते काम शोधतो, घरोघरच्या संग्रहातून उसनं आणतो, त्यातून एक सूत्र लावतो. इथे विक्रीचा प्रश्न नाही, पण पैसा जनतेचा आहे. म्हणून कोण निवडतंय हे जनतेला कळायला हवं. ८ फेब्रुवारी २०१९ ला प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकरांनी नेमका हाच मुद्दा काढला. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाली आणि पुढे काय दाखवायचं ते दिल्लीतून ठरणार, असं ते सांगू लागले, तेव्हा त्यांना व्यासपीठावरूनच वारंवार टोकण्यात आलं. ती बातमी देशभर गाजली. पालेकर स्वतः जे. जे.त शिकलेले चित्रकार. त्यांचा प्रश्न बरव्यांच्या चित्रांबद्दल नव्हताच, निवडणाऱ्यांबद्दल होता.

परीक्षक चुकतात तेव्हा

याशिवाय स्पर्धा असतात. तिथे परीक्षक मंडळ बसते आणि एका दिवसात शेकडो चित्रांसमोरून जाते. एका चित्राच्या वाट्याला काही क्षण येतात.

१८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं बघा. तिने १९३७ मध्ये अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं. त्यावर आज कुणीही मान डोलवेल. त्याच सोसायटीने १९४७ मध्ये के. एच. आरा यांचं स्वातंत्र्याच्या मिरवणुकीचं मोठं चित्र नाकारलं, असं सांगितलं जातं. आरा म्हणजे घरकाम करत, मोटारी धूत चित्रकार झालेला माणूस. त्या सुमारास सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे असे सहाजण एकत्र आले आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप तयार झाला. १९४९ मध्ये त्यांचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन भरलं, तेही रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात! नाकारणारी संस्था आणि भिंत देणारी संस्था एकच. परीक्षक बदलले, काळ बदलला की उत्तरही बदलतं.

पॅरिसमध्ये १८६३ साली सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी आलेल्या कामांपैकी निम्म्याहून अधिक कामे परत पाठवली. ओरड इतकी झाली, की बादशहा तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवायला परवानगी दिली. लोक हसायला गेले. त्यात माने याचं एक चित्र होतं, ते आज आधुनिक चित्रकलेच्या प्रत्येक पुस्तकात सापडतं.

हे सगळं सांगण्याचं कारण आमच्या मजल्यावरचा एक मित्र. घर वेल्ह्याच्या बाजूला, पावसाळ्यात भातलावणीला गावी जातो. त्याच्या जर्नलच्या मागच्या पानांवर बॉलपेनने काढलेली चिखलातली माणसं असतात, पाठ वाकलेली, डोक्यावर इरलं घेतलेली. एका स्पर्धेतून त्याचं चित्र परत आलं, सोबत कारणाची एक ओळसुद्धा नव्हती. त्यानंतर त्याने पेन फक्त सबमिशनला धरलं. कारण कळलं असतं, तर कदाचित एवढंच निघालं असतं की स्पर्धा जलरंगाची होती. कारण न कळल्यामुळे त्याने स्वतःच एक कारण ठरवून टाकलं: ‘आपल्याला येत नाही.’ निवडीत नापास होण्यापेक्षा हे वाईट.

जे अर्जच करत नाहीत

आणखी एक गट उरतो. ज्यांना गॅलरी असते हेच माहीत नाही, त्यांची निवड कोण करणार?

डहाणूजवळच्या गंजाड गावातले जिव्या सोमा मशे यांचं उदाहरण इथे हवंच. वारली चित्रं म्हणजे लग्नाच्या वेळी बायकांनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचं काम. जिव्या पुरुष असून रोज चित्रं काढायचे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार त्या भागात फिरला, त्याने लोकांना कागद दिले, कामं पाहिली. १९७५ मध्ये जिव्यांची चित्रं मुंबईत केमोल्डच्या भिंतीवर लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जिव्यांनी कुठलाही फॉर्म भरला नव्हता. कुणीतरी उठून त्यांच्या दारापर्यंत गेलं होतं.

आपलं कॉलेज ज्या डोंगरांत आहे, तिथेही असे हात नसतील कशावरून?

चांगलं चित्रही का वगळतात?

निवडीचा शेवटचा टप्पा भिंतीचा. प्रदर्शन म्हणजे सर्वांत चांगल्या वीस चित्रांची बेरीज नसते. एक भडक मोठं कॅनव्हास शेजारच्या नाजूक रेखाटनाला खाऊन टाकतं. एकाच विषयाची पाच चित्रं असतील तर तीन काढावी लागतात. चित्राचा मध्य साधारण दीड मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत ठेवतात. दोन चित्रांमध्ये मोकळी जागा सोडतात. हा सरळ लेआउटचा प्रश्न आहे, आपण मशीन शॉपचा काढतो तसा. त्यात काही चित्रं केवळ मापात बसत नाहीत म्हणून बाहेर राहतात.

आपल्यापुरतं काय करता येईल?

मला चार गोष्टी सुचतात.

१. निवड कोण करणार, त्यांची नावं महिनाभर आधी नोटीस बोर्डवर लागावीत. त्यात एक स्टाफ, एक विद्यार्थी आणि एक बाहेरचा माणूस असावा. भोरमधल्या एखाद्या शाळेचे चित्रकला शिक्षक आनंदाने येतील.

२. चित्र बघताना मागचं नाव आणि ब्रँच झाकलेली असावी. ‘मेकॅनिकलचं आहे, लाव’ हा प्रकार बंद.

३. जे चित्र लागणार नाही, त्याच्यासोबत एका ओळीत कारण द्यावं. आकार, विषय, माध्यम, अपुरं काम, जे असेल ते. तेवढी ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात.

४. एक भिंत निवडीशिवायची ठेवावी. जो येईल त्याने लावावं, जागा संपेपर्यंत. आणि एका रविवारी दोघातिघांनी आसपासच्या गावांत फिरून यावं, दोन-चार कामं मागून आणावीत. मालकाचं नाव खाली ठळक लिहावं आणि काम जसं आणलं तसं परत पोचवावं.

चित्रं काढणाऱ्यांसाठीही एक सांगणं आहे. पाठवण्याआधी दार ओळखा. भाड्याचं दालन पैसे आणि तारीख बघतं, गॅलरी तुमची पुढची पाच वर्षं बघते, संग्रहालय झालेलं आयुष्य बघतं, स्पर्धा नियम बघते. एका दारातून आलेला नकार हा त्या एका दाराचा असतो. बाकीची दारं तुम्ही अजून वाजवलेलीच नाहीत.