मनगटातील दबलेला मज्जातंतू आणि सोनोग्राफीचे साहाय्य

रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होते, हात झटकला की थोडे बरे वाटते, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांत स्त्रिया अधिक असतात. घरात हा अशक्तपणा मानला जातो; काहींच्या मानेला विनाकारण पट्टाही लागलेला असतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेचा अर्धा भाग बधिर आणि करंगळी मात्र शाबूत असेल, तर दोष बहुधा मनगटात असतो. यास कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

तळहाताच्या मुळाशी हाडे व एक चिवट बंध यांनी बनलेला अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे वाकविणाऱ्या ९ कंडरा आणि मीडियन हा मज्जातंतू जातो. कंडरांची आवरणे सुजली की जागा अपुरी पडते व मऊ मज्जातंतू दबतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात व गर्भारपण यांत हे अधिक आढळते.

निदानाचा पाया रुग्णाची हकीकत व तपासणी हाच आहे. विद्युत्-तपासणीने मज्जातंतूतील संदेश किती मंदावला ते कळते. तो का मंदावला, हे मात्र सोनोग्राफी दाखवू शकते. पाण्याच्या नळीवर पाय पडला की मागचा भाग फुगतो, तसा हा मज्जातंतू बोगद्याच्या तोंडाशी फुगतो. तेथे त्याचा छेद साधारण १० चौरस मिलिमीटरहून मोठा भरला तर संशयास बळकटी येते. क्वचित बोगद्यात गाठ आढळते, मज्जातंतू दुभंगलेला असतो किंवा त्याच्यालगत एखादी जादा रोहिणी असते. सुई वा सुरी लावण्यापूर्वी हे ठाऊक असणे फार मोलाचे. एम.आर.आय. महाग असून त्याची गरज क्वचितच पडते.

दुखणे सौम्य असल्यास रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी पुरते. तेवढ्याने न भागल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्या वेळी सुईचे टोक पडद्यावर पाहत मज्जातंतू टाळून औषध सोडता येते. मधुमेही रुग्णांची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते, आणि आराम कायमचा असेलच असे नाही.

तरीही आम्ही चित्रावर उपचार करीत नाही. तक्रार नसताना केवळ जाड दिसलेल्या मज्जातंतूवर शस्त्रक्रिया करणे अयोग्य. आणि चित्र निर्दोष आले म्हणून बाईंचा त्रास खोटा ठरत नाही. शस्त्रक्रियेनंतर हात बरा झाला तरी सूज चित्रात दीर्घकाळ दिसू शकते. म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णाची तपासणी पुन्हा पुन्हा करून देणगीदारांचा पैसा खर्चणे आम्हास मान्य नाही.

हे यंत्र गावोगावच्या शिबिरांत का नेत नाही, असे हितचिंतक विचारतात. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते व ते मनाप्रमाणे बाहेर हलविता येत नाही. हे बंधन योग्यच आहे.

अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट होऊ लागला, हातातून भांडे सुटू लागले, तर पट्टी व इंजेक्शनांत दिवस घालवू नयेत. तो चिवट बंध कापून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया बहुधा केवळ हात बधिर करून होते. झिजलेला स्नायू मात्र नंतर पूर्ववत होईलच असे नसते. अशा रुग्णास कुटुंबीयांनी सणवार वा लग्नसराई उलटण्याची वाट न पाहता बाह्यरुग्ण विभागात आणावे.