तांब्याची तार, काचेचा तंतू आणि विजेचा प्रश्न

डांबरी रस्ता होणे, नळाचे पाणी येणे आणि दूरध्वनीची तार गावात पोहोचणे या तीन गोष्टींनी सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक गावांच्या जीवनाला गेल्या अर्धशतकात वेगळे वळण दिले. त्यांपैकी तिसरी गोष्ट आता निरोप घेत आहे. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनी व ब्रॉडबँडच्या जोडण्या काढून त्या काचेच्या तंतूवर, म्हणजे लोकभाषेत 'फायबर'वर, नेण्याचे काम भारत संचार निगमने हाती घेतले असून खाजगी कंपन्यांच्या घरगुती जोडण्याही आता बहुतांशी फायबरवरच असतात.

या बदलाची चर्चा बहुधा वेगाच्या अंगाने होते. चित्रपट किती लवकर उतरतो, दूरदृश्य बैठक अडखळते की नाही, दाखल्याचे संकेतस्थळ उघडण्यास किती वेळ लागतो, यांवर बोलले जाते. ते योग्यच आहे. तथापि तारेबरोबर आणखी एक गोष्ट घरातून जात आहे आणि तिची दखल क्वचितच घेतली जाते. ती म्हणजे वीज. कृष्णा व कोयनेच्या काठी राहणाऱ्यांना आणि पाटण, जावळी, महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांतील कार्यालयांना हा विषय उपेक्षिता येण्यासारखा नाही.

तारेची स्वतःची वीज

जुन्या दूरध्वनी यंत्राला विजेच्या बटणात खोचण्याची वायर नसे, हे वाचकांना स्मरत असेल. दोन बारीक तारा भिंतीतून येत आणि तेवढ्यावर ते यंत्र चाले. याचे कारण असे की, दूरध्वनी केंद्रातून सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच दोन तारांतून ग्राहकाच्या घरापर्यंत पोहोचविला जाई. केंद्रात एका स्वतंत्र खोलीत बॅटऱ्यांची रांग असे व तिच्या पाठीशी डिझेलचे जनित्र. गावातील दिवे गेले, तरी केंद्रातील बॅटऱ्या टिकून असेपर्यंत यंत्रातून बोलता येई. (पुढे आलेल्या बिनतारी हँडसेटने ही सोय अर्धी घालविली होती, कारण त्याच्या बैठकीला घरची वीज लागे.)

या तारेला आपल्या भागात इतिहासही आहे. आजचे दोन्ही जिल्हे, संस्थानी मुलूख वगळता, पूर्वी सातारा या एकाच जिल्ह्यात मोडत. १९४२ च्या आंदोलनात आणि नंतर प्रतिसरकारच्या काळात तारा तोडणे हे येथील लढ्याचे एक साधन होते. स्वातंत्र्यानंतर त्याच तारेसाठी लोक अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने वातानुकूलनावाचून चालणारे छोटे ग्रामीण स्वयंचलित केंद्र तयार केले. त्यातील पहिले १९८६ साली शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले आणि मग खेड्यापाड्यांतील ट्रंक कॉलची प्रतीक्षा हळूहळू संपली.

तांबे का हटत आहे?

तांब्याच्या तारेचे पहिले वैगुण्य म्हणजे अंतर. भारत संचार निगमने २००५ साली याच तारांवरून ब्रॉडबँड देण्यास आरंभ केला. परंतु तारेतून जाणारा संदेश अंतराबरोबर क्षीण होत जातो. केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यास प्रतिसेकंद वीस मेगाबिटपर्यंत वेग मिळू शके, तर चार-पाच किलोमीटरवरील घराला एक-दोन मेगाबिटही दुर्मिळ होत. सपाटीवरील मोठ्या गावात हे एक वेळ चालून गेले. पण पाटणसारख्या तालुक्यात, जेथे एका ग्रामपंचायतीच्या वाड्या तीन डोंगरांवर विखुरलेल्या असतात, तेथे तारेवरचे ब्रॉडबँड केंद्राच्या आसपासच घोटाळत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेला, तेव्हा लांबच्या तारा या व्याख्येतूनच बाहेर पडल्या.

दुसरे वैगुण्य पाणी. जमिनीखालच्या केबलच्या सांध्यात पावसाचे पाणी शिरले की खरखर सुरू होते आणि शेवटी आवाज बंद पडतो. शंभर जोड्यांची केबल तुटली, तर प्रत्येक जोडी रंगावरून ओळखून पुन्हा सांधावी लागते. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तिचा झटका तारेतून घरात येऊन मोडेम जळत, तो अनुभव माण-खटावकडील मंडळींना सांगावयास नको. त्यात तांब्याला भाव असल्याने चोरीचे भय. शिवाय ही सारी दुरुस्ती ज्यांच्या हातात होती, ती माणसे गेली. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी सेवेबाहेर पडले. कोणत्या खांबावरून कोणाची जोडी गेली आहे हे तोंडपाठ असणारा लाईनमन हा त्या व्यवस्थेचा खरा नकाशा होता.

काचेचा तंतू

प्रकाश काचेच्या तंतूतून वाकवून नेता येतो, हे दाखविणाऱ्या शास्त्रज्ञांत पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे अग्रणी होते. त्यांचे संशोधन १९५४ साली प्रसिद्ध झाले. काच पुरेशी शुद्ध केल्यास याच मार्गाने दूरवर संदेश धाडता येतील, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले आणि त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू-वाहिनी १९७९ साली पुण्यात सुरू झाली. म्हणजे साताऱ्याच्या शेजारच्याच शहरात हे तंत्र अवतरले. मात्र केंद्रापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा ओलांडण्यास त्याला आणखी तीन-चार दशके लागली.

हा तंतू, त्याच्या वेष्टनांवाचून, मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका जाड असतो. केंद्रातील यंत्र विजेच्या संदेशाचे प्रकाशाच्या स्पंदनांत रूपांतर करते आणि ग्राहकाच्या घरातील छोटी पेटी त्याचे पुन्हा विजेत रूपांतर करते. वाटेत एका खांबावर किंवा पेटीत एका तंतूचे ३२ किंवा ६४ फाटे फुटतात. हा फाटा म्हणजे काचेचीच एक रचना असल्याने त्याला वीज लागत नाही. केंद्रापासून वीस किलोमीटरपर्यंतचे घर या रीतीने जोडता येते आणि वेग अंतरावर अवलंबून राहत नाही. काचेला पाण्याचे फारसे भय नाही, आकाशातील विजेचा झटका तिच्यातून येत नाही व चोराला तिचा उपयोग नाही.

पण काच वीज वाहून नेत नाही! घरातील पेटी घरच्याच विजेवर चालते. वीज गेली की इंटरनेट जाते, आणि दूरध्वनीही आता त्याच पेटीतून येत असल्याने तोही मुका होतो.

महापुराच्या दिवसांत

२००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीने कृष्णेचे महापूर पाहिले. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या घरात गेले होते. अशा वेळी विजेची उपकेंद्रे पाण्याखाली जातात आणि जेथे जात नाहीत तेथेही जीवितहानी टाळण्यासाठी पुरवठा मुद्दाम बंद ठेवावा लागतो. हे काही तासांचे नसते, काही दिवसांचे असते. मोबाईलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही मग एकामागून एक संपत जातात. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळल्या, तेव्हा अतिवृष्टीत डोंगरी गावापर्यंत पोहोचणे किती दुर्घट असते याची प्रचिती आलीच आहे.

तांब्याची तार अशा प्रसंगी हमखास चालत असे, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सांधे भिजत, रस्त्याकडेच्या पेट्या बुडत. परंतु जेथे तार कोरडी राही, तेथे ग्राहकाला काही न करता तिचा आधार मिळे. यापुढे तो आधार ग्राहकाने स्वतः उभा करावयाचा आहे, आणि नवी जोडणी देताना ही गोष्ट त्याला स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अन्य देशांत हा प्रश्न नियमांच्या पातळीवर हाताळला गेला. अमेरिकेत २०१५ साली असा दंडक घालण्यात आला की, कंपन्यांनी ग्राहकास आठ तास व पुढे २०१९ पासून चोवीस तास पुरेल अशी बॅटरी देऊ केली पाहिजे. तिची किंमत मात्र ग्राहकाने द्यावयाची. ब्रिटनमध्ये जुनी दूरध्वनी व्यवस्था बंद करण्याची मुदत लांबवून ३१ जानेवारी २०२७ करण्यात आली. मोबाईलचा आधार नसलेल्या ग्राहकांसाठी वीज गेल्यावर किमान एक तास तातडीच्या सेवांशी बोलता यावे, अशी तेथील अपेक्षा आहे. कृष्णाकाठच्या महापुरापुढे एक तास ही मुदत तोकडीच म्हणावी लागेल.

थोडा हिशेब

सुदैवाने ही पेटी फार वीज खात नाही. साधारणतः बारा व्होल्टवर चालणारी ही पेटी दहा-बारा वॅट घेते. छताच्या पंख्याला याच्या पाच-सहा पट लागते. बाजारात मिळणारा छोटा यूपीएस तिला दोन-चार तास चालवितो व नेहमीच्या भारनियमनाला तो पुरेसा आहे.

कार्यालयासाठी थोडा मोठा विचार करावा. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत बारा व्होल्टच्या हिशेबाने १,८०० वॅट-तास वीज साठते. बॅटरीचे आयुष्य राखावयाचे तर त्यातील सुमारे १,००० वॅट-तास वापरावेत. इन्व्हर्टर स्वतःसाठीही काही वीज घेतो. पेटीचे व त्याचे मिळून २५ वॅट धरल्यास चाळीस तास निघतात. योग्य नियामक मध्ये बसवून पेटी थेट बॅटरीवर चालविली तर हीच मुदत ऐंशी तासांच्या पुढे जाते. अट एकच : त्या बॅटरीवर पंखा, संगणक व दिवे लावावयाचे नाहीत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

सौर विजेबाबत एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले आणि इतर ग्रामपंचायतींतही त्याविषयी उत्सुकता निर्माण झाली. मात्र छतावरील जो सौर संच केवळ महावितरणच्या वाहिनीला जोडलेला असतो व ज्याला बॅटरी नसते, तो वाहिनीतील पुरवठा बंद होताच स्वतःही बंद पडतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कामगाराला झटका बसू नये म्हणून तशी योजनाच असते. डोक्यावर ऊन आहे, छतावर पॅनेल आहे आणि तरी पेटी बंद, असा प्रकार त्यामुळे संभवतो.

पेटी कोठे बसविली आहे, हेही पाहावे. तंत्रज्ञ बहुधा जवळच्या विजेच्या बटणाशी, जमिनीपासून हात-दोन हातांवर ती ठोकून जातात. नदीकाठच्या गावांत २०१९ च्या पाण्याची खूण ज्या भिंतीवर आहे, तेथे पेटी व बॅटरी त्या खुणेच्या वर असावीत. जी शाळा पुराच्या वेळी निवाऱ्यासाठी वापरली जाते, तेथे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही व्यवस्था जूनपूर्वी एकदा मुख्य बटण बंद करून प्रत्यक्ष तपासावी.

ग्रामपंचायतीच्या हातातील गोष्टी

ग्रामपंचायतींना तंतूने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता मिळाली. तीच पुढे भारतनेट झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर करण्यात आला असून त्यात ग्रामपंचायती वलयाकार जोडण्यावर भर आहे. याचा अर्थ असा की, एका बाजूचा तंतू तुटला तरी संदेश दुसऱ्या बाजूने फिरून येईल. घाटरस्त्याच्या कडेने गेलेली केबल दरड कोसळली की रस्त्याबरोबरच जाते. म्हणून डोंगरी तालुक्यांत या वलयाचे मोल अधिक. मात्र वलयाच्या दोन्ही भुजा एकाच रस्त्याच्या एकाच चरातून नेल्या, तर ते वलय नकाशावरच राहील. मार्गाची पाहणी होते तेव्हा सरपंच व ग्रामसेवकांनी हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

तंतू तुटण्याचे नेहमीचे कारण मात्र दरड नसून जेसीबी हे आहे. नळयोजनेचा चर, गटार, रस्त्याचे रुंदीकरण, कोणतेही काम असो, खोदण्यापूर्वी केबलमालकाला कळविण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' ही सुविधा मार्च २०२३ पासून उपलब्ध आहे. कामाच्या आदेशातच ठेकेदारावर ती अट घालता येते. खांबांवरून नेलेल्या तंतूला उसाच्या हंगामात दोन धोके असतात : रस्ता ओलांडताना खाली झोळलेल्या तंतूत उंच भरलेली ट्रॉली अडकणे आणि बांधालगत पाचट पेटविल्याने वेष्टन वितळणे. रस्त्यावरील तंतूची उंची गळिताच्या आधी पाहून घेणे अवघड नाही.

जोडणी बदलताना जुना क्रमांक कायम ठेवण्याची मागणी अर्जात लेखी करावी. भारत संचार निगमकडे तशी सोय आहे. कार्यालयाचा क्रमांक वर्षानुवर्षे लोकांच्या वहीत लिहिलेला असतो, तो बदलू नये. तक्रार नोंदविताना पेटीवरील दिवे पाहून सांगावे. एकही दिवा नसेल तर दोष विजेचा किंवा पेटीच्या वायरीचा, लाल दिवा लुकलुकत असेल तर बहुधा तंतू तुटला आहे किंवा कोठे तरी दुमडला आहे. जुने यंत्र टाकून देण्याचे कारण नाही, बटणांचे यंत्र पेटीमागील दूरध्वनीच्या खाचेत बसते. चकती फिरवावयाचे यंत्र मात्र अनेक पेट्यांवर चालत नाही. दुसऱ्या खोलीत समांतर यंत्र असेल, तर आतली वायर जुन्या खांबाच्या तारेपासून सोडवून पेटीला जोडून घ्यावी लागते; हे काम तंत्रज्ञ आलेला असतानाच करवून घ्यावे.