रजेचे प्रमाणपत्र : चिकित्सेचेच एक अंग

शासकीय कर्मचारी औषधाबरोबर प्रमाणपत्रही मागतो. ते देताना त्याच्या रजेचा हिशेब आपणांस ठाऊक असावा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 अन्वये दर पूर्ण सेवावर्षामागे 20 दिवसांची अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय कारणास्तव 10 दिवस पूर्ण वेतनाची परिवर्तित रजा घेतल्यास अर्धवेतनी खात्यातून 20 दिवस वजा होतात. म्हणजे क्षुल्लक कारणासाठी आपण लिहिलेला ‘विश्रांती आवश्यक’ हा शेरा वर्षाची शिदोरी संपवितो. पुढे पक्षाघातासारखा व्याधी उद्भवल्यास खाते रिते असते.

याउलट, खऱ्या रुग्णास घाईने कामावर धाडणेही अहितकारक होय. गृध्रसीच्या एका लिपिकाने वेदना शमताच रुजू होण्यासाठी योग्यता प्रमाणपत्र मागितले. दिवसभराची बैठक व दुचाकीचा प्रवास ध्यानी घेऊन आम्ही आठवडाभराची विश्रांती वाढविली. तो नाराज झाला. परंतु अपथ्य कायम असता केवळ औषध काय करणार?

प्रमाणपत्रात तपासणीची तारीख, व्याधीचे आयुर्वेदीय व प्रचलित नाव, विश्रांतीचा कालावधी आणि आपला नोंदणी क्रमांक स्पष्ट लिहावा. प्रत जपून ठेवावी. मागील तारखेचे प्रमाणपत्र मात्र कोणाच्याही भिडेखातर देऊ नये. आपल्या स्वाक्षरीवरील विश्वास हेच आपल्या शास्त्राचे बळ आहे.