संशय पिशवीवर, दात्यावर नव्हे

तापीच्या मुखाशी हजीरा येथे मोठमोठे कारखाने उभे आहेत. अशा उद्योगवसाहतींत रक्तदानाची शिबिरे भरतात, आणि व्यापारी मंडळीही त्यांस सढळ हाताने साहाय्य करतात. समजा, अशा शिबिरात रक्त दिलेल्या एखाद्या कामगारास काही दिवसांनी रक्तपेढीचा निरोप आला की, आपली एच.आय.व्ही.ची चाचणी संदिग्ध आली आहे, भेटून जावे. बिचाऱ्याच्या पायांखालची जमीनच सरकते. या निरोपाचा खरा अर्थ शिबिरे भरविणाऱ्यांनी समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रक्तपेढीतील पहिली चाचणी, बहुधा एलायझा, मुद्दामच फार हळवी ठेवलेली असते. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे रक्तात आहेत काय, हे ती रंगाच्या गडदपणावरून ठरविते. नुकतीच टोचलेली एखादी लस किंवा काही निराळे आजार यांमुळेही क्वचित रंग उमटतो. उलटपक्षी, संसर्ग अगदी ताजा असल्यास प्रतिपिंडे पुरती तयार झालेली नसतात आणि रंग फिकाच राहतो. तेव्हा संशय पोकळच असेल, असेही मानून चालत नाही.

आता थोडा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. १०,००० दात्यांत खरे बाधित १० आहेत व ते सर्व चाचणीत सापडले. परंतु ही चाचणी दर १,००० निरोग्यांमागे ५ जणांवर चुकीचा संशय घेते. म्हणजे सुमारे ५० निरोगी माणसे यादीत आली. एकंदर ६० संशयितांत बाधित केवळ १०!

सराफाच्या कसोटीवर रेघ फिकी उमटली, तर तो नग बाजूस ठेवतो. आणणाऱ्यास चोर ठरवीत नाही. येथेही तोच न्याय आहे. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असल्याने पिशवी नष्ट करण्यास संशय पुरेसा होतो. दात्याच्या निदानास मात्र तो पुरत नाही. त्यासाठी शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रात निरनिराळ्या पद्धतींच्या तीन चाचण्या होतात. त्यांत मेळ न बसल्यास दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. तोवर दात्याने पुन्हा रक्तदान करू नये, वैवाहिक जीवनात सावधगिरी बाळगावी आणि धीर सोडू नये. निदान पक्के झालेच, तरी नियमित औषधोपचाराने दीर्घ आयुष्य लाभू शकते.

१ जानेवारी १९९८ पासून मोबदला घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशात बंदी आली. तेव्हापासून सारी भिस्त स्वेच्छेने देणाऱ्यांवर आहे. एका दात्याची अब्रू गेली, तर त्याचे दहा सोबती शिबिराकडे पाठ फिरवतील. २०१७ चा एच.आय.व्ही.विषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला असून, त्यान्वये नोकरीत भेदभाव करण्यास मनाई आहे आणि माहितीच्या गुप्ततेस संरक्षण आहे. म्हणून शिबिराच्या यजमानांस आमची विनंती एवढीच की, त्यांनी जमा झालेल्या पिशव्यांची संख्या अवश्य विचारावी. बाद झालेल्यांची नावे कदापि विचारू नयेत.